जिथे प्रेक्षक तिथे खर्च: चर्चच्या आउटरीचबद्दल थोडं

कमिटीत आउटरीचचा विषय निघाला की पहिली दहा मिनिटं फार छान जातात. सगळ्यांनाच बाहेरच्या लोकांपर्यंत जायचं असतं, सगळे मान डोलावतात, आणि मग कोणीतरी विचारतं की बजेट किती आणि तिथून पुढे ती मीटिंग बजेटचीच होऊन जाते. खजिनदार वहीत तोंड खुपसतो, तरुण संघवाले साउंड सिस्टीमवर घसरतात, कोणीतरी मोबाईलवर एखाद्या मोठ्या चर्चचा झगमगाटी व्हिडिओ फिरवतं, आणि शेवटी ठरतं की यंदा राहू दे, फंड जमवू आणि पुढच्या वर्षी मोठं करू. पुढच्या वर्षी परत तेच.

मी हिशेब बघणाऱ्यांपैकी आहे, आमच्या तरुणांच्या भाषेत सांगायचं तर उत्साहावर पाणी ओतणाऱ्यांपैकी. पण बिलं फाईलला लावता लावता माझं एक मत पक्कं झालंय ते इथे लिहून टाकतो. कुठल्याही आउटरीच कार्यक्रमाच्या खर्चाची यादी उघडा. स्टेज, स्पीकर, लाइट, मोठा बॅनर, भाड्याच्या खुर्च्या, बाहेरून बोलावलेला गायक नाहीतर वक्ता, त्याचा येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च, वर एकाच रंगाचे टी-शर्ट (जे घालणारे सगळे आपलेच असतात). यातलं जवळजवळ सगळं कशासाठी लागतं, तर समोर लोक बघत बसणार आहेत म्हणून. आलेल्या माणसाच्या हातात काहीतरी काम दिलं की त्याला स्टेज लागत नाही, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा नसल्यामुळे स्पीकर लागत नाही, आणि रांगाच नसल्या की खुर्च्याही हॉलमधल्या पुरतात. जिथे प्रेक्षक तिथे खर्च, हे माझं सूत्र. आमच्या कमिटीत ते आता चेष्टेने माझ्याच तोंडावर फेकलं जातं पण असू दे.

आणि हे काही मी शोधून काढलेलं नाही. १२२३ सालच्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने जे केलं ते बघा. एका ओळखीच्या माणसाला सांगून त्याने एका गुहेत गव्हाण मांडून घेतली, त्यात गवत भरलं, एक बैल आणि एक गाढव आणून उभं केलं, आणि तिथेच मिस्सा, म्हणजे नाताळची उपासना, झाली. येशूच्या आईबापाच्या, मरिया आणि योसेफाच्या, वेशात कोणी उभं होतं असं जुन्या वर्णनात येत नाही. म्हणजे वेशभूषेचा खर्च शून्य. आणि प्रकाशयोजना? आसपासचे लोक आपापल्या मेणबत्त्या आणि मशाली घेऊन आले. आठशे वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि आपण अजून नाताळच्या देखाव्यासाठी भाड्याच्या लाइटचं कोटेशन मागवतोय.

मला ह्यातलं सगळ्यात काय आवडतं तर लोकांनी उजेड स्वतः आणला हे. येणाऱ्याला काहीतरी घेऊन यायला सांगितलं की तो कार्यक्रम थोडा त्याचाही होतो. आपल्याला वाटतं पाहुण्याला काही आणायला सांगणं म्हणजे कमीपणा, पण अनोळखी ठिकाणी रिकाम्या हाताने जायला माणसाला जास्त संकोच वाटतो, हातात काहीतरी असलं की आत शिरायला निमित्त मिळतं.

नाताळचा विषय निघालाच आहे तर गाण्यांचं बघू, कारण सगळ्यात जास्त पैसा मी तिथेच जाताना बघितलाय. कॉन्सर्ट ठेवला की भाड्याचा साउंड आला, बाहेरचा बँड आला, आणि कार्यक्रमाला येतात कोण तर आपलीच मंडळी आणि शेजारच्या दोन चर्चची मंडळी. त्यापेक्षा लोकांना गायला बोलवा. कागदावर शब्द छापून द्या, एक गिटार नाहीतर पेटी पुरते, आणि ज्याला सूर लागत नाही त्यालाही चालतं कारण सगळेच गाताहेत. इंग्लंडमधल्या ट्रूरो इथे १८८० च्या नाताळच्या आदल्या रात्री बिशप बेन्सन यांनी बायबलमधली नऊ वाचनं आणि त्यांच्यामध्ये नाताळगीतं अशी उपासना घेतली, ती सुद्धा एका तात्पुरत्या लाकडी इमारतीत, कारण कॅथेड्रलचं बांधकाम चालू होतं. तोच आराखडा पुढे १९१८ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने घेतला आणि आज तो जगभर ऐकला जातो. सुरुवात कुठे झाली तर शेडमध्ये. आपला हॉल लहान आहे असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो.

जुन्या गाण्यांचा अजून एक फायदा ज्याकडे कोणी बघत नाही. जर्मन भाषेतलं ‘स्टिल नाख्ट’, ज्याची आपल्या भाषांमध्ये कितीतरी रूपं झालीत, ते १८१८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात योसेफ मोर यांच्या शब्दांवर फ्रान्झ ग्रूबर यांनी चाल लावून पहिल्यांदा गायलं, तेही गिटारवर. अशा गाण्यांवर आता कोणाचाच हक्क उरलेला नाही, बहुतेक देशांत लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ५० ते ७० वर्षांनी तो संपतो. पण भाषांतर नवीन असेल तर भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो आणि आजकालच्या वर्शिप गाण्यांचे (उपासनेत गायच्या नव्या गाण्यांचे) शब्द छापायला किंवा पडद्यावर दाखवायला लायसन्स लागतं, हे बऱ्याच चर्चना माहीतच नसतं. सिनेमा दाखवायचा असेल तर अजूनच. कोणाच्यातरी घरच्या स्ट्रीमिंगच्या अकाउंटवरून प्रोजेक्टर लावून हॉलभर लोकांना पिक्चर दाखवणं म्हणजे ‘फुकटचा कार्यक्रम’ नाही, ती वर्गणी घरात बघायची असते, सार्वजनिक दाखवायची परवानगी वेगळी घ्यावी लागते. चर्चने तरी हे नीट करावं.

आता माझा आवडता प्रकार, आणि ह्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. दुरुस्तीची दुपार. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये ॲमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा नावाच्या एका पत्रकार बाईंनी पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. लोकांनी बंद पडलेल्या वस्तू आणायच्या, दुरुस्त करता येणाऱ्यांनी टेबल लावून बसायचं. आज जगात असे हजारो चालतात. त्याचा चर्चशी काही संबंध नव्हता, पण चर्चच्या हॉलला हा प्रकार इतका फिट बसतो की विचारू नका. हॉल आहे, टेबलं आहेत, प्लग पॉइंट आहेत, आणि प्रत्येक मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, दोन-तीन रिटायर झालेले काका असतात ज्यांना स्क्रू ड्रायव्हर हातात दिला की वय विसरायला होतं, आणि शिलाई मशीन चालवणाऱ्या मावश्या असतातच असतात. हे लोक रविवारी मागच्या बाकावर बसतात, त्यांना कोणी पुढे येऊन गायला किंवा बोलायला सांगत नाही आणि सांगितलं तर ते येणारही नाहीत. पण मिक्सर उघडून बसले की अनोळखी माणसाशी तासभर बोलतात.

ह्यातली महत्त्वाची अट म्हणजे वस्तूचा मालक शेजारी बसला पाहिजे. वस्तू ठेवून जा, संध्याकाळी घेऊन जा, असं केलं की ते फुकटचं दुकान झालं, आणि ज्याचं पोट दुरुस्तीवर आहे अशा खऱ्या दुकानदाराच्या पोटावर पाय आला ते वेगळंच. उलट त्यालाच बोलवा, एखाद-दोन तास बसायला, लोकांना त्याची ओळख होईल. मालक शेजारी बसला की तो टॉर्च धरतो, स्क्रू वाटीत गोळा करतो, आणि ही वस्तू कधी घेतली कोणी दिली असं सांगायला लागतो. इथे आउटरीच होतो. ‘तुम्ही चर्चला येता का’ हा प्रश्न विचारायचीही गरज पडत नाही, बहुतेक वेळा तोच विचारतो की तुमच्याकडे इथे काय काय चालतं.

सामान काय लागतं तर स्क्रू ड्रायव्हरचा सेट, पक्कड, एक मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, सुया-दोरे, बटणं, चांगला गोंद, सायकलच्या ट्यूबचे पॅच आणि भरवशाचे एक्स्टेंशन बोर्ड. बहुतेक गोष्टी लोक घरून आणतात. एक कागद मात्र आधी तयार ठेवा ज्यावर साध्या भाषेत लिहिलेलं असेल की दुरुस्ती होईलच अशी गॅरंटी नाही आणि वस्तू आणणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर आणली आहे, आणि त्यावर सही घ्या. विजेची वस्तू जाणकारानेच उघडायची. मायक्रोवेव्ह ओव्हन तर घ्यायचाच नाही, प्लग काढला तरी त्याच्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. मला एका तरुणाने विचारलं होतं की काका एवढं काय घाबरता, तर मी म्हणालो की बाबा रे, आपल्याला लोकांना आत्ताच्या आत्ता देवाघरी पाठवायचं नाहीये.

रक्तदान शिबिराबद्दल थोडक्यात लिहितो कारण ते बऱ्याच जणांना माहीत आहे, पण खर्चाच्या बाजूने कोणी बघत नाही. कॉट, पिशव्या, डॉक्टर, नर्स हे सगळं रक्तपेढी घेऊन येते. चर्चने द्यायचा तो हवेशीर हॉल, स्वच्छ टॉयलेट, पाणी, आणि रक्त दिल्यावर माणूस पंधरा-वीस मिनिटं बसतो तेव्हा त्याच्याजवळ बसायला माणसं. ही शेवटची गोष्ट बहुतेक ठिकाणी कोणी नेमतच नाही, आणि खरं तर गप्पा होण्याची तीच वेळ असते. एका वेळी साधारण ३५० ते ४५० मिलिलिटर रक्त घेतात आणि पुन्हा देण्याआधी पुरुषांनी साधारण तीन महिने आणि बायकांनी चार महिने थांबायचं असतं, म्हणजे तारखा आपोआपच ठरतात, तीच माणसं तीन-चार महिन्यांनी परत येऊ शकतात. १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन, रक्तगटांचा शोध लावणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांचा वाढदिवस, पण त्या दिवशी सगळीकडेच शिबिरं असतात. रक्तपेढीला विचारा की तुम्हाला तुटवडा कधी पडतो, आणि तेव्हा ठेवा. त्यांना त्याचा जास्त उपयोग.

अजून एक बघा, इथे बाहेरून आलेला माणूस देणारा असतो आणि आपण त्याला पाणी देणारे. आउटरीचच्या नावाखाली आपण कायम देणाऱ्याच्या जागेवर बसतो, आणि मग समोरच्याला घेणाऱ्याच्या जागेवर बसावं लागतं, जे कोणालाच आवडत नाही, मग तो गरीब असो नाहीतर श्रीमंत. म्हणूनच वाटपाचे कार्यक्रम मला खटकतात. गरज नाही असं नाही, काही वेळा माणसाला खरंच आजच्या आज धान्य लागतं, औषध लागतं, ते द्यावंच. पण ते गुपचूप, घरी नेऊन, ओळखीच्या माणसाच्या हातून. स्टेजवर बोलावून पिशवी हातात देऊन फोटो काढणं आणि तो फोटो ग्रुपवर टाकणं हे बंद झालं पाहिजे. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये हे आपण बायबलमध्ये वाचतो आणि मग उजव्या हाताने पिशवी देताना डाव्या हाताने सेल्फी काढतो.

मुलांचं. सुट्टीत मुलांसाठी काहीतरी ठेवायचं हे सगळ्याच चर्चना सुचतं, आणि तिथेही पटकन खर्च वाढतो, जादूगार, बक्षिसं, छापील पुस्तकं. मुळात संडे स्कूल कसं सुरू झालं ते आठवा. १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स ह्या वर्तमानपत्रवाल्याने ज्या मुलांना आठवडाभर कामाला जुंपलं जायचं त्यांच्यासाठी रविवारी शाळा सुरू केली, कारण तेवढा एकच दिवस त्यांना मोकळा होता, आणि तिथे त्यांना वाचायला शिकवलं जायचं. म्हणजे आज आपण ज्याला आपल्याच मुलांचा वर्ग समजतो तो मुळात बाहेरच्या मुलांसाठी होता आणि त्यांची नड बघून सुरू केला होता. मग आपल्या आसपासच्या मुलांची नड काय आहे? बऱ्याच ठिकाणी ती अगदी साधी असते: शांत जागा आणि एक टेबल. घरात टीव्ही चालू असतो, लहान भावंडं असतात, दहावी-बारावीच्या वयाच्या पोरांना बसायला कोपरा नसतो. आणि आपला हॉल आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी कुलूप लावून बंद. परीक्षेच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी तो हॉल अभ्यासाला उघडा ठेवला तर खर्च लाइट आणि पंख्याच्या बिलाचा. गणित आणि इंग्रजी समजावून सांगणारं कोणीतरी आठवड्यातून दोनदा येऊन बसलं तर सोन्याहून पिवळं. ह्याला कार्यक्रमही म्हणता येणार नाही आणि ह्याचा फोटो तर अजिबातच चांगला येत नाही, मान खाली घालून बसलेली पोरं, पण माझ्या मते वर्षभरात चर्च जे काही करतं त्यातलं सगळ्यात उपयोगी हेच.

लहान मुलं असतील तर एक नियम करा की मुलांना सोडून जाता येणार नाही, बरोबर घरचं मोठं माणूस हवंच. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथजवळच्या कावप्लेनमधल्या एका चर्चने २००४ मध्ये ‘मेसी चर्च’ सुरू केलं, ल्युसी मूर आणि त्यांच्या टीमने. महिन्यातून एकदा, हाताने काहीतरी बनवायचं, छोटीशी उपासना, मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं. त्यातली मेख हीच की मोठ्यांनीही हात रंगवायचे. आईबाप कडेला बसून मोबाईल बघणार असतील तर मुलांना गुंतवायला तुम्हाला माणसं आणि पैसा दोन्ही लागतं, आणि ते स्वतः कागद कापायला बसले तर रद्दी पेपर, पुठ्ठे आणि खळ एवढ्यात दुपार निघते. बाकी मुलांच्या बाबतीत काटकसर करायची नाही अशा दोन गोष्टी: कुठलंही मोठं माणूस एकट्याने मुलाबरोबर बंद खोलीत असता कामा नये, कायम दोघं तरी हवेत आणि दार उघडं. आणि पालकांना विचारल्याशिवाय फोटो नाही. ‘आपलेच लोक आहेत’ हे उत्तर इथे चालत नाही.

काही न करता होणारा आउटरीच पण असतो. जागा देणे. व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांचे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे गट, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झालेले, ते जगभर कितीतरी ठिकाणी चर्चच्या खोल्यांमध्ये जमतात. ते चर्चचे नसतात आणि त्यांना चर्चचं व्हायचंही नसतं, बाहेरून देणगी सुद्धा घेत नाहीत, आपापसात पैसे काढून जागेचं जे काही थोडं भाडं असेल ते भरतात. आपण फक्त वेळेवर कुलूप उघडायचं आणि त्या वेळात तिथे फिरकायचं नाही. हे फिरकायचं नाही आपल्या लोकांना फार जड जातं. कोणीतरी म्हणतंच की सुरुवातीला पाळकांनी दोन मिनिटं प्रार्थना केली तर काय बिघडलं. बिघडतं. ज्याने महत्प्रयासाने त्या दारातून पाऊल टाकलंय त्याला आपण ओळखलं नाही पाहिजे हीच त्याची गरज असते.

ऐकणाऱ्या माणसांबद्दलही असंच. लंडनमधल्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चचे धर्मगुरू चॅड व्हारा यांनी २ नोव्हेंबर १९५३ पासून आत्महत्येच्या विचारात असलेल्या लोकांसाठी एक फोन सुरू केला. त्यांना वाटलं होतं की समुपदेशन आपण करायचं. मदतीला जे साधे लोक आले होते ते येणाऱ्यांना बसवायचे, चहा द्यायचे, ऐकून घ्यायचे, आणि झालं असं की बऱ्याच जणांना आत जाऊन व्हारांना भेटायची गरजच उरायची नाही, बाहेर कोणीतरी ऐकून घेतलं तेवढ्याने ते हलके होऊन जायचे. काही महिन्यांत त्यांनी फोन त्या स्वयंसेवकांच्याच हातात दिला, आणि तीच पुढे सॅमॅरिटन्स ही संस्था झाली. मी हे लिहितोय म्हणजे उद्यापासून तुम्ही हेल्पलाइन काढा असं नाही, त्याला नीट ट्रेनिंग लागतं आणि ते नसताना हात घालू नये. पण आठवड्यातून एक दिवस चर्चच्या अंगणात दोन बाकडी, चहाचा थर्मास, आणि सल्ला न देता ऐकू शकणारी दोन माणसं एवढं तर जमतं ना? (सल्ला न देता ऐकू शकणारी दोन माणसं मंडळीत शोधणं हाच ह्यातला सगळ्यात अवघड भाग आहे, हे मी गमतीने म्हणत नाहीये.) ऐकलेलं बाहेर जायचं नाही, प्रार्थनेच्या विषयात सुद्धा नाही. प्रार्थनेचा विषय म्हणून एखाद्याची कहाणी गावभर करायची आपली सवय भयंकर आहे. आणि कोणी जीव द्यायच्या गोष्टी बोललं तर जवळच्या दवाखान्याचा आणि हेल्पलाइनचा नंबर खिशात असला पाहिजे, आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही.

आता ज्यावरून आमच्याकडे खरी वादावादी होते तो प्रश्न. ह्या सगळ्यात सुवार्ता, म्हणजे येशूबद्दलचा संदेश, कधी सांगायची? माझं मत काहींना आवडणार नाही. दुरुस्तीला बोलावलं तर दुरुस्ती करा, अभ्यासाला बोलावलं तर अभ्यास करू द्या. जे सांगून बोलावलं तेच आत मिळालं पाहिजे. मदतीच्या आधी किंवा नंतर बळंच अर्धा तास प्रवचन ऐकायला लावलं की माणूस मनात हिशेब करतो, की अच्छा, ही किंमत होती तर. मग तो पुढच्या वेळी येत नाही आणि शेजाऱ्यालाही सांगतो. उपासनेला बोलवायचं असेल तर उघड उपासना म्हणून बोलवा, कॅरोल्सच्या, म्हणजे नाताळगीतांच्या, कार्यक्रमात येशूच्या जन्माची गोष्ट येणारच, ती ऐकायलाच लोक आलेले असतात, त्यात लपवाछपवी काही नाही. आणि कोणी स्वतःहून विचारलं तर खुशाल सांगा, पोटभर सांगा. विचारतात लोक. घाई आपल्यालाच असते.

बोलावण्याचं म्हणाल तर छापील पत्रकांवर खर्च करू नका. व्हॉट्सॲपवर फिरवलेलं पोस्टर आपल्याच लोकांत फिरतं, चारदा. मंडळीतल्या प्रत्येकाने एका ओळखीच्या माणसाला तोंडाने सांगितलं, आणि सांगितलं म्हणजे ‘मी तुला न्यायला येतो’ असं सांगितलं, तर लोक येतात. चर्चच्या गेटातून आत जायचं की नाही हेच बाहेरच्याला माहीत नसतं, चप्पल काढायची का, डोकं झाकायचं का, कोणी हटकेल का, पैसे मागतील का. फाटकावर ‘सर्वांचे स्वागत’ लिहिलेली पाटी असते पण पाटी बोलत नाही. एक हसरा माणूस गेटावर उभा करा, आणि टॉयलेटकडे बाण दाखवणारा कागद लावा. आत आल्या आल्या नाव-फोन लिहायचं रजिस्टर पुढे करू नका, माणूस तिथेच बिचकतो.

खाण्याचा खर्च हाताबाहेर जातो तो मान ठेवण्याच्या नादात. चहा आणि काहीतरी कोरडं खायला एवढ्यावर थांबता आलं तर थांबा. जेवण असेलच आणि लोक घरून करून आणणार असतील तर शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ तसंच बाहेर ठेवायचं नाही, गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर ठेवायचं, आणि कशात काय आहे ते चिठ्ठीवर लिहायचं, शेंगदाणा, दूध, अंडं, कारण ॲलर्जी विचारून येत नाही. आणि भांडी कोण घासणार हे आधी ठरवा. महिला मंडळ घासेल हे गृहीत धरलेलं असतं, दरवेळी, सगळीकडे, आणि मग त्या बिचाऱ्या आत मोरीशी आणि बाहेर पुरुष मंडळी पाहुण्यांशी गप्पा मारताहेत असं चित्र दिसतं. पुरुषांनी भांडी घासली तर बाहेरच्या लोकांवर जेवढा परिणाम होईल तेवढा कुठल्याही बॅनरने होणार नाही, हे मी पैजेवर सांगतो.

वहीत न दिसणारा खर्च म्हणजे माणसांचा. स्वस्त कार्यक्रम म्हणजे पैशाच्या जागी वेळ, आणि वेळ कायम त्याच पाच-सहा जणांचा जातो. ते संडे स्कूलला असतात, गायनात असतात, कमिटीत असतात, आणि आउटरीचलाही तेच. एक दिवस ते गप्प होतात आणि मग यायचेच बंद होतात, आणि आपल्याला वाटतं त्यांचं आध्यात्मिक काहीतरी बिनसलंय. थकलेले असतात हो, बाकी काही नाही. म्हणून माझं म्हणणं, वरचं सगळं करू नका. एकच काहीतरी घ्या, महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी, आणि वर्षभर ओढा. पहिल्या वेळी तिघंच आले तरी दुसऱ्या वेळी दार उघडं हवं. वर्षातून एकदा धूमधडाक्यात काहीतरी करण्यापेक्षा हे कंटाळवाणं आहे, मान्य, पण लोकांना ‘महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथे कोणीतरी असतं’ हे कळायला वेळ लागतो. आणि जी कामं करणारी माणसं त्यात आहेत त्यांना दुसऱ्या एखाद्या जबाबदारीतून मोकळं करा, लेखी.

वर्षाअखेरीस रिपोर्टमध्ये किती लोक आले हा आकडा लिहिण्यापेक्षा मी दोन प्रश्न विचारतो. परत किती आले? आणि बाहेरून आलेल्यांपैकी कोणी पुढच्या वेळी टेबलाच्या अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला, काम करायला बसलं का? दुसऱ्याचं उत्तर एक जरी असलं तरी मी पुढच्या वर्षीचे पैसे बिनतक्रार मंजूर करतो, तसेही ते फार नसतात.

आणि एक शेवटचं, फारच किरकोळ वाटेल. हॉलची किल्ली. एकाच माणसाकडे असते, तो त्या दिवशी लग्नाला गेलेला असतो आणि फोन सायलेंटवर. दुसरी बनवून घ्या, तेवढा खर्च मी स्वतः मंजूर करतो.